दाजींच्या नाचायच्या चटया

बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मूळचे हुपरीचे. घरात पैंजण घडवायचा धंदा. चांदीच्या भट्टीपुढे बसणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी कोल्हापुरात एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी तेव्हा एका दैनिकात बातमीदार होतो आणि दुपारचा चहा त्या दुकानात घेत असे.

गेमची मशिनं बऱ्यापैकी खपत. त्यांना जोडायच्या जादा वस्तूंचं तसं नव्हतं. टीव्हीवर नेम धरायची बंदूक घरोघर पोचली, कारण ती मशिनच्या खोक्यातच यायची. वेगळी मागायला कोणी आल्याचं आठवत नाही. गाड्यांच्या शर्यतीचं स्टिअरिंग काचेमागे धूळ खात होतं. तरीही दाजींनी मुंबईहून नाचायच्या चटया मागवल्या. चटईवर बाण छापलेले असत. टीव्हीवर जो बाण दिसेल, त्याच्यावर पाय टाकायचा. चटयांनी दुकानाचा माळा भरला.

त्यांचे वडील हुपरीहून येऊन माळा बघून गेले. "दिवाळीपतोर ह्यो माळा रिकामा झाला तर दुकान तुझं. न्हाय तर गुमान भट्टीवर यायचं."

दाजी कबूल झाले.

गिऱ्हाइकं येत. सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच.

"ह्याच्यावर क्रिकेट येतंय?"

"न्हाय."

"कुस्ती?"

"न्हाय."

"मग काय येतंय?"

"नाच."

यावर गिऱ्हाईक दाजींकडे वरपासून खालपर्यंत बघे.

दुसरी अडचण पायांची होती. चटईची वायर मशिनला जोडलेली, त्यामुळे तिला पाय लावायला माणसं कचरत. चुकून पाय लागला तर पोरं चटईला हात लावून नमस्कार करत. बायका भोवती मांडी घालून बसत आणि बाणांवर तळहातानं थापा मारत. शेवटी दाजी स्वतः नाचून दाखवू लागले. दाजी अंगानं भरलेले. रस्त्यावरची माणसं दारात थांबत. "वन्स मोअर, दाजी!" खरेदी मात्र कोणी करत नसे.

दिवाळीला महिना उरला तेव्हा वडील पुन्हा आले. माळा भरलेलाच होता. ते स्टुलावर बसले. तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी बेधडक चटईवर चढली आणि पैंजण वाजवत नाचली. वडील तिच्या पायांकडे बघत राहिले.

"दादा, रविवारी हिचा वाढदिवस हाय," बाई म्हणाल्या. "एक दिवस द्या की. सोमवारी आणून देते."

"ताई, ही इकायची हाय."

"इकत घेऊन काय करू? रोज कोण नाचतंय? आणि आमच्याकडं ते मशिन बी न्हाय."

दाजी चटई गुंडाळायला वाकले. तेव्हा स्टुलावरून आवाज आला. "जेवणावळीची भांडी कोण इकत घेतंय रं? मशिन आणि चटई, दोन्ही भाड्यानं दे त्यास्नी."

दाजींनी तसं केलं. त्या वाढदिवसाला आलेल्या पोरांच्या आया आठवडाभरात दुकानात आल्या. मग कॉलन्यांतली मंडळं आली. एक चटई एका कीर्तनकारांच्या घरीही गेली. नातवासाठी, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दाजींना जुनी मशिनं गोळा करावी लागली. चटई मात्र शेवटपर्यंत एकही विकली गेली नाही. मशिनला जोडायची जादा वस्तू बाजारात चालते का, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगू शकतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वडील हजर झाले. आल्या आल्या स्टुलावर उभे राहून त्यांनी माळ्यात डोकावलं. एक चटई होती.

"ती आत्ताच परत आलीया, आबा," दाजी घाईनं म्हणाले. "सांजच्याला पुन्यांदा जाणार हाय."

"मला काय सांगतोस? माळा रिकामा पायजे म्हणलं होतं."

आबांनी चटई खाली ओढली, झटकली, गुंडाळून काखेत मारली.

"ही हुपरीला नेतो. भट्टीवरची पोरं नाचतील. आता झाला रिकामा."

दुकानातल्या एका मशिनचं खोकं त्यांनी दुसऱ्या काखेत घेतलं आणि ते स्टँडकडे चालू लागले.