मिठाच्या रिंगणातल्या पौर्णिमा

घाबरट माणसाकडे किस्से जास्त साठतात, असं माझं मत आहे. बाकीचे लोक प्रसंग घडला की मोकळे होतात, आपण तो आठवडाभर घोळवत बसतो. माझा साठा जपानमध्ये, निशी-कसाई भागात राहायला आल्यावर वाढला, तो आमच्या पौर्णिमेच्या ग्रुपमुळे.

ग्रुप तिघींचा. कॅनडाची क्लेअर इंग्रजी शिकवते आणि विक्का हा आजच्या चेटकिणींचा पंथ मानते. ऋतू, निसर्ग आणि चंद्र हेच तिचे देव. अयुमी-सान माझी ऑफिसातली मैत्रीण. शेजारच्या कोतो भागातल्या तिच्या फ्लॅटवर आम्ही संध्याकाळी जमतो. मिठाचं रिंगण, चार दिशांना नमस्कार, मध्ये पाण्याचं भांडं. हे माझ्या नवऱ्याला माहीत होतं. पुण्याला सासूबाईंना नव्हतं.

*

पहिल्याच पौर्णिमेला क्लेअरने धूप लावला. माझी नजर छतावरच्या स्मोक अलार्मवर. तो वाजला तर अख्खी बिल्डिंग खाली उतरणार आणि सगळे माझ्याकडे बघणार.

"डोळे मिटा, मन चंद्राकडे लावा," क्लेअर म्हणाली.

मी एकच डोळा मिटला. थोड्या वेळाने अयुमी-सान कुजबुजली, "मीसुद्धा अलार्मकडेच बघतेय."

*

एकदा मेणबत्ती लावून नदीकाठी बसलो होतो. सायकलवरून पोलीस आला. त्याने तोंड उघडायच्या आत मी रेसिडेन्स कार्ड पुढे केलं. व्हिसा, नवऱ्याची बँकेतली नोकरी, कंपनीचा फ्लॅट, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"त्सुकिमी," अयुमी-सानने त्याला सांगितलं. म्हणजे चंद्र बघायला बसणं. इथे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्याने वर बघितलं. "छान दिसतोय आज. मेणबत्ती तेवढी विझवा."

कार्ड त्याने घेतलंच नाही. मी मात्र ते घरी पोचेपर्यंत हातात धरून होते.

*

जपानीत चेटकिणीला 'माजो' म्हणतात. एका पौर्णिमेला मी घरी येऊन बूट काढत होते, आणि आत माझी सहा वर्षांची लेक व्हिडिओ कॉलवर आजीला सांगत होती, "आई माजोकडे गेलीये."

मी एक बूट पायात ठेवूनच आत धावले.

"माझ्या मैत्रिणीकडे, असं म्हणायचंय तिला," नवरा घाईघाईने म्हणाला.

"मराठी सुधारा पोरीचं," सासूबाई म्हणाल्या.

*

सासरे गेल्यावर सासूबाईंना आम्ही काही महिने इकडे आणलं. त्या कुणासमोर रडल्या नव्हत्या. जेवायच्या, पोथी वाचायच्या, बाल्कनीत बसून राहायच्या. आम्हा दोघांना त्याचीच काळजी. पौर्णिमेला मी निघाले तर म्हणाल्या, "मीही येते."

ट्रेनमध्ये मी हळूच सुरुवात केली. "आई, तिथे जरा वेगळं असतं."

"पौर्णिमाच ना?"

रिंगणात एकेकीने मनावरचं ओझं बोलून पाण्यात सोडायचं असतं, आपापल्या भाषेत. सासूबाईंची पाळी आली आणि नेमकी बेल वाजली. अयुमी-सानला उठू न देता मीच धावले. दारात खालच्या मजल्यावरच्या आजी. धुपाचा वास त्यांच्या घरात येत होता. मी वाकून वाकून माफी मागितली.

परत आले तर सासूबाई हमसून हमसून रडत होत्या. अयुमी-सान त्यांचे दोन्ही हात धरून रडत होती आणि मान डोलावत होती. तिला मराठीचा एक शब्द येत नाही. क्लेअर नुसती बघत होती.

स्टेशनवर मला राहवेना. "आई, काय सांगितलंत तिला?"

"तिलाच विचार. तिला सगळं कळलं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी अयुमी-सानला खरंच विचारलं.

"त्यांनी तुला सांगितलं नाही," ती म्हणाली, "तर मी कसं सांगू?"