गंगाआत्याचे चोवीस खिसे

माणूस घाबरून किंचाळला की त्याचा खिसा सैल होतो, हे गंगाआत्याचं पहिलं शास्त्र. दुसरं असं, की पाळणा वर चढताना हातातली वस्तू पडत नाही. पडते ती उतरताना, पोटात गोळा येतो तेव्हा. आणि तिसरं, ज्याला ज्याला वाटतं की आपण फोन घट्ट धरलाय, त्याचाच फोन आधी खाली येतो. ही शास्त्रं तिनं कुठल्या पुस्तकात वाचलेली नाहीत. सावर्ड्याला दर उन्हाळ्यात बाजारामागच्या माळावर आनंदमेळा लागतो, त्यातल्या आकाशपाळण्याखाली लाल स्टुलावर बसून तिनं ती सहा वर्षांत जमवली.

गंगाआत्या खरं तर शिवणकाम करणारी. ब्लाउज, शाळेची दप्तरं, झालंच तर देवाच्या पालखीची झालर. वय एकसष्ट, उंची बेताची, आवाज मात्र पाळण्याच्या भोंग्याला मागे टाकणारा. सहा वर्षांपूर्वी ती भाचरांना घेऊन मेळ्यात गेली, आणि तिच्या डोळ्यांसमोर वरून एक नवाकोरा फोन आला आणि जांभ्या दगडावर पडून त्याचा चुरा झाला. ज्याचा होता तो पोरगा वरून रडत होता आणि पाळणा थांबत नव्हता. त्या रात्री आत्यानं दप्तराचं उरलेलं निळं कापड काढलं आणि एक एप्रन शिवला. त्याला चोवीस खिसे, प्रत्येकाला झाकण, प्रत्येक झाकणाला नाडी.

खरी गंमत झाकणांची. चोवीस झाकणं चोवीस वेगळ्या ब्लाउजपीसची. त्याच कापडाची एक एक पट्टी वेगळी कापून ठेवलेली. फोन खिशात गेला की पट्टी मालकाच्या मनगटाला बांधायची. आकडा विसरतो माणूस, पण आपल्या हाताला हिरवी बुट्टी होती की जांभळी नक्षी, हे विसरत नाही. उतरल्यावर मनगट पुढे करायचं, आत्या कापडाला कापड लावून बघणार, जुळलं तरच नाडी सुटणार. एकदा खुद्द पाळणेवाला दीपक पट्टी हरवून आला, तर त्याला तिनं अर्धा तास बसवून ठेवला आणि शेवटी पट्टी त्याच्याच चपलेखाली सापडली तेव्हाच फोन दिला. तिला स्टूल आणि चहा देणारा तोच, पण कायदा म्हणजे कायदा.

"खिशातलं काढ," ती रांगेतल्या प्रत्येकाला फर्मावते. "मागच्या खिशातलं पन. चष्मा? तो पन. आनि आजोबा, तुमची कवळी बसलीय ना नीट?"

लोक हसतात, पण काढून देतात. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी खरोखरच कवळी काढून दिली होती.

आता एवढी पाळण्याची पंडित, पण ती स्वतः पाळण्यात कितीदा बसली असेल? आयुष्यात एकदा. तेही पुरतं नाही. आणि तिला पुन्हा बसायचं होतं. साधं सरळ बसायचं होतं, वर जाऊन ओरडायचं होतं, पोटात गोळा कसा येतो ते आठवायचं होतं. सेहेचाळीस वर्षं बाईच्या मनात ही एकच हौस, आणि ती पुरी होण्यासाठी एका माणसानं फक्त दोन शब्द म्हणायला हवे होते. तो माणूस म्हणजे तिचा थोरला भाऊ काशीराम.

गोष्ट अशी. काशीराम मुंबईला नोकरीला होता आणि एकोणऐंशी साली, मधली बहीण सखू हिच्या लग्नाला, जुना घेतलेला एक कॅमेरा गळ्यात घालून गावी आला. त्या वेळी आख्ख्या वाडीत कॅमेरा नव्हता. लग्नात भटजीपेक्षा काशीरामचा रुबाब जास्त होता. अंतरपाट धरला तरी "थांबा!", हळद लावली तरी "थांबा!" कॅमेऱ्याला कुणाला बोट लावू देत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी पोरं जत्रेला गेली. तिथला पाळणा लाकडी, चार खाटल्यांचा, दोन माणसं हातानं ढकलत. पंधरा वर्षांची गंगा त्यात बसली, आणि दादानं आपणहून, स्वतःच्या हातानं, कॅमेरा तिच्या गळ्यात घातला. "वरून आमचा फोटो काढ," म्हणाला.

गंगा हरखली. दादानं आपल्यावर एवढा भरवसा टाकला! वरून तिनं कॅमेरा डोळ्याला लावायला पट्टा गळ्यातून काढला, पाळणा उतरू लागला, पोटात गोळा आला आणि हात सुटला. कॅमेरा जांभ्यावर पडून उघडला. रीळ भर उन्हात लोळत गेलं.

सखूच्या लग्नाचा एकही फोटो उरला नाही. सखू अजून म्हणते, "माज्या लग्नाचा पुरावा न्हाय, नवरा कधी नाकारेल काय सांगता येत न्हाय." काशीराम त्या दिवशी मारायला धावला नाही, पण सगळ्यांदेखत बोलला, "गंगे, तू खालीच थांब. सामान बघ." आणि गंगानं रडत रडत गावदेवीसमोर शपथ घेतली, की दादा स्वतः म्हणेपर्यंत पाळण्याला पाय लावणार नाही.

दादा कधी म्हणाला नाही. तिनं कधी विचारलं नाही. उलट प्रत्येक लग्नाकार्यात, पंगत उठली की काशीराम पान लावता लावता ती कथा रंगवून सांगायचा. छत्तीस फोटो जळाले, छत्तीस! आणि गंगा मान खाली घालून पत्रावळी गोळा करायची. आत आत मात्र एक गोष्ट तिनं जपून ठेवली होती. कुणाला हात लावू न देणाऱ्या दादानं कॅमेरा दिला होता तो आपल्याला. एवढा भरवसा आणि आपण त्याची माती केली. सहल असो, समुद्र असो, वेळणेश्वरच्या लाटा असोत, सगळे पाण्यात आणि गंगा काठावर चपला, घड्याळं, पर्सा मांडीत घेऊन. ते तिच्या अंगवळणीच पडलं. चोवीस खिसे काही उगाच शिवले नव्हते बाईनं.

तर या वर्षी, मेळ्याच्या शेवटच्या संध्याकाळी, काशीराम नात आरोहीला घेऊन आला. तो आता सत्तरीचा, मुंबई सोडून गावी राहिलेला, कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं तस्सं. आरोही कॉलेजात शिकणारी, आणि तिच्यासोबत तिच्या वर्गातली सोळा डोकी. आत्यानं एकेकाला धरून फोन काढून घेतले, पट्ट्या बांधल्या. सतरा फोन झाले. एप्रन पुढे लोंबू लागला.

"आत्याआजी, तू पण चल," आरोही म्हणाली.

"मी? मी सामान बघतंय."

"आजोबा, हिला सांगा ना."

काशीराम पानाची चंची उघडत होता. "ती खालीच बरी. तिचा हात सुटतो." आणि पोरांकडे वळून, सवयीनं, "एकोनऐंशी साली काय झाला, ठावं हाय काय?"

पोरांना ठाऊक होतं. आरोहीनं कधीच सांगितलं होतं, शपथेसकट. मग त्या सतरा जणांनी जे केलं ते काशीरामच्या उभ्या आयुष्यात त्याच्याशी कुणी केलं नव्हतं. सगळ्यांनी पट्ट्या बांधलेले हात वर केले आणि ओरडायला सुरुवात केली: "आत्याला बसवा! आत्याला बसवा!" मागची रांग ओरडायला लागली. कुल्फीवाला ओरडायला लागला. दीपकनं तर भोंगाच वाजवला. गंगाआत्याचं तोंड लाल झालं आणि ती दादाकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता हा रागावून घरी जाणार आणि संपलं सगळं.

काशीरामनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चंची मिटली.

"बस जा," तो म्हणाला.

दोन शब्द. आत्या स्टुलावरून उठली ती जवळजवळ उडालीच.

"आनि ते फोन?" काशीराम म्हणाला.

"माझ्याकडे द्या," दीपक म्हणाला.

"ज्यानं घेतलं त्यानंच परत द्यायचं," आत्या म्हणाली. "मी घेऊन बसतंय. नाड्या बांधल्यात."

"पाडशील परत!" काशीराम गरजला. "सतरा फोन! न्हाय, मी येतोय बाजूला. मी धरतो." आणि लक्ष ठेवायला म्हणून तो ऐटीत तिच्या शेजारी जाऊन बसला. पुढच्या पाळण्यात आरोही, मागे तिच्या मैत्रिणी, बाकीच्यांत बाकीचे. दीपकनं दांडा अडकवला.

पाळणा हलला. आत्यानं दोन्ही हातांनी एप्रन पोटाशी धरला. माळ खाली गेला, कुल्फीची गाडी खाली गेली, बाजाराचे पत्रे, हायवेवरची एसटी, पलीकडची काजूची झाडं, सगळं खाली. आणि मग पहिल्यांदा उतार आला. पोटातून गोळा वर आला, थेट घशापर्यंत, सेहेचाळीस वर्षांपूर्वीचा तोच गोळा, आणि गंगाआत्या अशी किंचाळली की खाली कुल्फीवाल्यानं कानात बोटं घातली. मग ती हसायला लागली, दुसऱ्या फेरीत परत किंचाळली आणि परत हसली.

शेजारून मात्र काहीच आवाज येत नव्हता. तिनं पाहिलं. दादानं डोळे गच्च मिटले होते आणि सतरा फोन धरायला आलेला माणूस दोन्ही हातांनी दांडा धरून बसला होता.

तेवढ्यात पाळणा थांबला. खाली कुणाचं तरी पोर रडत होतं, त्याला उतरवत होते. आणि थांबला तेव्हा ही दोघं भावंडं बरोबर टोकाला, वाऱ्यात डुलत. त्यातच एप्रनमधला एक फोन वाजला. मग दुसरा. एकात कोंबडा आरवला, एकात लहान बाळ खिदळलं, एकात सनई सुरू झाली. सातची वेळ, आयांनी आपापल्या पोरांना घरी बोलवायला फोन लावले होते.

"आत्याआजी, माझा वाजतोय!" खालच्या पाळण्यातून कुणीतरी ओरडलं.

"वाजू दे!" आत्या ओरडली. "नाडी सुटनार न्हाय!"

"गंगे," काशीराम डोळे न उघडता म्हणाला. "गंगे, हलू नको गो. पडलो तर... तुला एक सांगायचा राह्यलाय."

"काय?"

"त्या कॅमेऱ्यात एक पन फोटो नव्हता."

सनई चालूच होती. आत्याला वाटलं, भीतीनं याचं डोकं फिरलं.

"रीळ छत्तीसचं," काशीराम घाईघाईनं बोलत सुटला, "नि मी काढतोय, काढतोय, चाळीस झाले, बेचाळीस झाले, तरी संपेना. मंग रात्री गोधडीत शिरून अंधारात चाचपला. रीळ तसाच्या तसा. चाकाला अडकलंच नव्हतं गो, मी घातलं तवाच. सगळा लगीन मी रिकामा खटखट करत फिरलो. आता सखूला काय सांगू? बापाला काय सांगू? मुंबैवाला म्हनून मिरवलो नि..."

"आनि मला का दिलास?" आत्यानं विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता. "कुनाला देत नव्हतास. मला का दिलास?"

काशीरामनं आता डोळे उघडले. "मुद्दाम न्हाय," तो म्हणाला. "पन मनात आला व्हता. पडला तर सुटलो. नि पडला."

गंगाआत्याला राग आला. असा राग तिला जन्मात आला नव्हता. सेहेचाळीस वर्षं! पत्रावळी, चपला, पर्सा, आणि तो भरवसा, जो तिनं देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखा सांभाळला होता. तिला वाटलं, याला इथूनच ढकलावं. ती वळली तर पाळणा जोरात डुलला आणि काशीराम ओरडला, "आयशप्पत गो, नको!" सत्तर वर्षांचा, कडक इस्त्रीचा, बकरीसारखा थरथरणारा. आत्याच्या पोटावर कोंबडा पुन्हा आरवला. आणि तिला बेचाळीस वेळा "थांबा!" म्हणणारा, अंतरपाटासमोर एक डोळा मिटून उभा राहिलेला दादा आठवला. सगळी वरात याच्यासाठी थांबलेली. रिकामी खटखट!

हसू असं फुटलं की आवरेना. ती हसता हसता एप्रनवर वाकली, डोळ्यांतून पाणी, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. पाळणा डुलत होता. पुढच्या पाळण्यातून आरोही मागे वळून, तोंडाचा आ करून बघत होती. तिनं अक्षर न अक्षर ऐकलं होतं.

"आजोबा! सखूआजीला कळलं तर?"

"आज रात्रीच कळनार," आत्या म्हणाली.

खाली उतरल्यावर तिनं सतरा मनगटं तपासली, कापडाला कापड लावलं, सतरा नाड्या सोडल्या. एकाही फोनला ओरखडा नव्हता. काशीराम स्टुलाला धरून उभा होता. आत्यानं कमरेची गाठ सोडली, निळा एप्रन त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर बांधला आणि मागे घट्ट आवळला.

"हे काय?" तो म्हणाला.

"पट्टी जुळल्याबिगर कुनाला काय द्यायचा न्हाय. मला अजून चार फेऱ्या हायत."

रांगेतल्या एका बाईनं लगेच त्याच्यापुढे फोन, चष्मा आणि गाडीची किल्ली धरली. काशीराम गोंधळला, मग त्यानं निमूटपणे एक झाकण उघडलं. पाळणा वर निघाला. गंगाआत्यानं दांड्यावरून दोन्ही हात सोडले, आता धरायला एप्रनही नव्हता, आणि अर्ध्या वाटेवरून खाली वाकून, अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशी ओरडली.

"दादा, तू खालीच थांब हां! सामान बघ!"

काशीराम थांबला. शेवटची फेरी होईपर्यंत स्टुलावरून हलला नाही.