बोर्डावर फोटो नाही, नुसतं ‘भरीत’

मंडळी, आज दुपारी साक्रीत माझा जीव टांगणीला लागला होता.

तिथल्या एका अक्कांनी भरीत-भाकरीचं दुकान काढलंय आणि बोर्ड मी डिझाइन केला. आपल्याकडे बोर्ड म्हणजे घरातल्या सगळ्यांचे हात जोडलेले फोटो, आणि उरलीच जागा तर दुकानाचं नाव! मी सगळे चेहरे काढून टाकले. जुन्या चहाच्या डब्यावर असायची तशी जाडजूड, टोकांना झोकदार वळण असलेली अक्षरं घेतली. शब्द एकच: भरीत.

अक्का हबकल्याच. “भाऊ, बिगर फोटोना बोर्ड? नाना रुसतीन ना!” नाना म्हणजे त्यांचे मोठे दीर. दुकानाची जागा त्यांचीच.

बोर्ड लागला. पलीकडून जाणारा एक मोटरसायकलवाला तो वाचून थेट वळून आला. तरी अक्कांचं लक्ष बोर्ड बघायला आलेल्या नानांकडेच.

नाना बराच वेळ मान वर करून बघत राहिले. मग स्वतःच्या झोकदार मिशीला पीळ देत म्हणाले, “फोटो कसाले पाहिजे? हाई अक्षर ते मनी मिशीसारखंच शे!”

पहिलं ताट नानांनाच वाढलं गेलं.

तुमच्या घरातलं कोण कुठल्या अक्षरासारखं दिसतं, सांगा बरं?