दोन पायांची पायरी

एक वेळ सोडली तर आमच्या घराची बेल त्यांनी कधी वाजवली नाही. बेलच्या बटणाशेजारी उभे राहून ते बोट वाकवायचे, दारावर टकटक करायचे, कान जवळ न्यायचे आणि आम्ही दार उघडायच्या आत निकाल द्यायचे, "पोकळ आहे."

दार आम्ही नुकतंच हौसेनं बसवून घेतलं होतं. मी आतूनच विचारायची, "मग उघडू, की फोडून बघणार आहात?" त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "उघडा. फोडायला इतका वेळ लागणार नाही, पण उघडा." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझं टाळकं सरकलं होतं. नंतर कळलं, की हा माणूस दार, टेबल, भोपळा, भिंत, कशालाही सोडत नाही.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहायचे. मुलं त्यांना जीपकाका म्हणत, म्हणून मग आम्हीही काका म्हणू लागलो. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांचं आयुष्य गेलं. नव्वद सालानंतर बाहेरचा माल आला, नवी यंत्रं आली, आणि कारखान्यानं यांच्यासारख्यांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. त्यातली स्वेच्छा कोणाची ते तुम्हाला ठाऊक आहेच. बरोबरच्या कोणी झेरॉक्सचं दुकान काढलं, कोणी फोनचा बूथ. यांनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप आणून पार्किंगमध्ये उभी केली. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना मी विचारलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?" तर म्हणाल्या, "बोलले ना. म्हटलं, मागच्या सीटला गादी चांगली लावा."

हा काळच पोकळ वस्तूंचा आहे, असं काकांचं मत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि बघता बघता त्यानं नवी कोरी गाडी घेतली. सगळ्यांना पेढे वाटले. काकांनी पेढा तोंडात टाकला, गाडीला सावकाश प्रदक्षिणा घातली, मागच्या प्लास्टिकच्या बंपरवर टकटक केलं आणि म्हणाले, "पेढा उत्तम आहे." त्या मुलानं पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

रविवार उजाडला की काका-काकू जीप घेऊन निघायचे. सिंहगड रस्त्यानं पुढे, पाबे घाट, वेल्हे, पानशेतच्या मागची बाजू, जिथे रस्ता संपतो तिथून यांचा रस्ता सुरू व्हायचा. काका पुढे आणि काकू मागे. मागचा फाळका पाडायचा, बंपरवर पाय देऊन वर चढायचं, आणि तोंड मागे करून बसायचं. नवऱ्याशेजारची जागा रिकामी सोडून ही बाई मागे का बसते, यावर सोसायटीत बरेच तर्क झाले. मला राहवलं नाही, मी विचारलंच.

"पुढे बसलं की भीती वाटते हो," काकू म्हणाल्या. "हा दगड, तो खड्डा, आता काय होणार. मागे बसलं की फक्त पार पडलेलं दिसतं. पुढचं बघायला ते आहेत की."

मी तेव्हा हसले होते.

एका पावसाळ्यात वेल्ह्याकडे त्यांची जीप भाताच्या खाचरात रुतली. गावातली माणसं आली, मागच्या बंपरला दोर बांधला आणि सगळ्यांनी मिळून जोर लावला. बंपर सुटून त्यांच्या हातात आला आणि जीप होती तिथेच राहिली. इथपर्यंतची गोष्ट काका स्वतःच रंगवून सांगायचे. पुढची सांगायचे नाहीत. बंपर गेल्यामुळे काकूंना उतरायला आधार राहिला नाही आणि त्यांनी वरून उडी मारली. गुडघे आधीच कुरकुरत होते, त्या दिवशी ते बसलेच. डॉक्टरांनी सांगितलं, उंच चढणं-उतरणं बंद.

काकू जायच्या बंद झाल्या, तसे काकाही. मी सांगून पाहिलं, एखादी चक्कर तुम्ही तरी मारून या. म्हणाले, "मागे कोणी नसलं की गाडी हलकी पडते, उड्या मारते." जीपवर ताडपत्री पडली. रविवारी काका गॅलरीत पेपर घेऊन बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. टकटक करणंही थांबलं. एकदा तर चक्क त्यांनी आमची बेल वाजवली.

मग एका सकाळी सोसायटीचा फ्यूज उडाला. मी तेव्हा सेक्रेटरी होते; कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून होते. सगळे आपापल्या दारातून माझ्याच नावानं ओरडू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता, त्यात कोणा अमेरिकन साहेबाचं काम होतं म्हणे. मी तणतणत खाली गेले, तर काका डोळ्यांवर काळी काच धरून वेल्डिंग करत होते.

"काका, हे निवासी संकुल आहे," मी म्हटलं.

"मग मी कुठे राहतो?" ते म्हणाले.

जीपला नवा मागचा बंपर करायचा होता. जाड पोलादाचा, ओढायला भक्कम हुक असलेला, आणि खाली उघडणारी एक पायरी, म्हणजे काकूंना परत चढता येईल. काकूंना यातलं काही सांगायचं नव्हतं. हे ऐकल्यावर माझा आवाज उतरला, पण नियम तो नियम. शेवटी धायरीला खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करणारा एकजण होता, त्याच्या शेडमध्ये काम न्यायचं ठरलं.

काही दिवसांनी काका दारात आले. टकटक केलं. मला इतकं बरं वाटलं, की पोकळ आहे म्हणाले तरी मी काही बोलले नाही.

"सेक्रेटरीबाई, उद्या मोकळ्या आहात का?"

"कशाला?"

"पायरी चढून बघायची आहे. उंचीनं आणि अंगानं हिच्या जवळपास सोसायटीत तुम्हीच आहात."

आता मला सांगा, कोणत्या बाईला हे तोंडावर ऐकायला आवडेल? आमचे हे पेपरमागे हसत होते. त्यांना त्या दिवशी चहा स्वतः करून घ्यावा लागला. पण मी गेले.

शेडमध्ये जीप उभी होती आणि मागे काळा कुळकुळीत बंपर. जाड पत्रा वाकवून चौकोनी पेटीसारखा केलेला, टोकं घासून गुळगुळीत केलेली. साखळी सोडली की पायरी खाली यायची, शेजारी धरायला दांडा. मी पायरीवर एक पाय ठेवला, दुसरा थेट जीपमध्ये. काय सांगू, राणीसारखं वाटलं. काकांनी मला पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं, दांडा वर घेतला, खाली घेतला. मला धाप लागली तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. मग मी माझा डाव साधला. बोट वाकवलं, बंपरवर टकटक केलं आणि म्हणाले, "पोकळ आहे."

काका नेहमीच्या शांतपणे म्हणाले, "पोकळ नाही. आत जागा आहे." त्यांनी एका टोकाचं झाकण उघडून दाखवलं. "हिचा थर्मास आणि शाल राहील."

रविवारी सकाळी जीप धुऊन पुसून पार्किंगमध्ये आली. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. गुपित ठेवायचं काम मी चोख केलं होतं, म्हणजे काकू सोडून सगळ्यांना सांगितलं होतं. काकू आल्या. दारासमोरच्या चार पायऱ्या त्या उतरल्या, नेहमीसारख्या. एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी. पुन्हा एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी. बंपर पाहून थांबल्या. काकांनी साखळी सोडली, पायरी खाली आली. काकू नुसत्या हसल्या, आणि लग्नातल्या नवरीसारखा त्यांनी उजवा पाय पायरीवर ठेवला.

दुसऱ्या पायाला जागाच नव्हती.

पायरी एका पावलाची होती. माझ्यासारखीनं एक पाय ठेवून दुसरा वर टाकावा, अशी. काकूंना दुसरा पाय पहिल्याच्या शेजारी आणल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. आम्ही त्यांना रोज दारासमोरच्या पायऱ्यांवर तसंच बघत होतो, आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या दांडा धरून एका पायावर उभ्या राहिल्या. गुडघा थरथरू लागला. मग त्या खाली उतरल्या.

"माप कोणाचं घेतलंत?" त्यांनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.

"पाय माझे आहेत," काकू म्हणाल्या. "मला विचारायचं होतं." आवाज चढवला नाही, काही नाही. घरात निघून गेल्या. गॅलऱ्या हळूहळू रिकाम्या झाल्या. काका त्या बंपरवर बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मला रडू येत होतं. ज्याच्याशी मी जन्मभर भांडले असते, त्या माणसासाठी रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले, तर काकू फाटकाशी रिक्षा थांबवत होत्या आणि काका बाजूला हाताची घडी घालून उभे होते. "धायरीला निघालोय," काकू म्हणाल्या, "तुम्ही येताय का?" मी अर्धी रजा टाकली. ऑफिसात कारण आजारपणाचं सांगितलं. रिक्षात मी दोघांच्या मध्ये बसले.

शेडमध्ये काकूंसाठी प्लास्टिकची खुर्ची मांडली. त्यांच्यासमोर पोलादाचा पत्रा जमिनीवर ठेवला. काकूंनी चपला काढल्या आणि पत्र्यावर उभ्या राहिल्या. काका खडू घेऊन खाली बसले.

"कशी उभी राहतेस?"

"अशी."

"नीट सांग. दारासमोरच्या पायऱ्यांवर उभी राहतेस तशी."

काकूंनी पाय जरा फाकवले. काकांनी दोन्ही पावलांभोवती खडू फिरवला, टाचेपाशी, अंगठ्यापाशी, अगदी सावकाश. त्यांनी मग विचारलं, चढताना जोर कोणत्या हातावर येतो, उतरताना तोंड कुठे असतं. काकू उलट्या उतरत, गाडीकडे तोंड करून, म्हणून दांडे दोन्ही बाजूंना हवेत. पायरी खाली हवी आणि तिच्यावर आणखी एक हवी. त्यांनी इतकी वर्षं संसार केला, पण त्या दोघांना एकमेकांशी इतकं बोलताना मी पहिल्यांदा पाहत होते.

"काकू, ही पायरी न्हाई ऱ्हायली आता," शेडचा मालक म्हणाला, "ओटाच झाला की."

"मग ओटाच करा," काकू म्हणाल्या. "वर पोचल्यावर बसायला होईल."

बंपर असा रुंद झाला, की घराला मागे ओटा असावा तशी ती जीप दिसू लागली. तिसऱ्या मजल्यावरचा हसला. काकांनी मनावर घेतलं नाही. पुढच्या रविवारी काकू चढल्या. एक पाय, त्याच्या शेजारी दुसरा. एक पाय, त्याच्या शेजारी दुसरा. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण आमच्या शेजारणीनं डोळ्यांना पदर लावला, आणि मीही काही कोरडी नव्हते.

त्या दिवशी त्यांनी मलाही नेलं. पाबे घाट चढून एका खडकाळ वाटेला वळलो, तेव्हा खाली आलेला बंपर दगडाला घासला आणि दात शिवशिवावेत असा आवाज झाला. काका उतरले, मागे आले, टकटक केलं, कान लावला, आणि पुन्हा गाडी चालवायला बसले. वरच्या माळावर काकू ओट्यावर बसल्या, दोन्ही पाय पायरीवर, हातात थर्मासचं झाकण आणि त्यात चहा. आम्ही आलो तो सगळा रस्ता खाली दिसत होता. काका तिकडे पाहतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते.

असे बरेच रविवार त्यांना मिळाले. मग एका सकाळी चहा घेता घेता काका गेले. आजारी नाहीत, काही नाही.

जीप पुन्हा ताडपत्रीखाली गेली. वर्षभरानं तिसऱ्या मजल्यावरचा काकूंकडे आला. आता तो मोठा साहेब झाला होता आणि सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर चिखलात गाड्या चालवण्याचा छंद त्याला लागला होता. त्याला जीप हवी होती. फक्त हा बंपर फार जड आहे, तो काढून दुसरा लावीन म्हणाला. काकू म्हणाल्या, "जीप घेऊन जा. बंपर इथेच ठेव."

मुलगा वाईट नव्हता हो. त्यानं बंपर सोडवला, सोसायटीच्या आवारात विटांचे दोन खांब बांधून त्यावर बसवला. काकूंना मागचं बघायला आवडतं हे त्याच्या लक्षात होतं, म्हणून तोंड आंब्याच्या झाडाकडे आणि मागच्या भिंतीकडे केलं, सावलीत. मग काकूंना बोलावून आणलं.

काकूंनी पाहिलं. "छान झालंय," म्हणाल्या. "फक्त फिरवून दे. तोंड फाटकाकडे कर."

"काकू, तिकडे ऊन येतं," मी म्हटलं. "आणि सारखी रहदारी."

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "पुढचं बघणारे गेले. आता ते मलाच बघायला हवं."

माणसं बोलावून बंपर फिरवावा लागला. तोवर काकू उभ्याच होत्या, बस म्हटलं तरी बसल्या नाहीत. काम झाल्यावर पुढे आल्या, बोट वाकवून त्यावर टकटक केलं आणि क्षणभर कान दिला. मग एक पाय पायरीवर ठेवला, आणि त्याच्या शेजारी दुसरा.