परत दिलेलं पाणी

पाणी शुद्ध करायचं म्हणजे त्यातून काय काढून टाकायचं, एवढाच प्रश्न असतो, अशी माझी समजूत होती. मी रसायनशास्त्र शिकलेली, त्यातून माहेर पुण्यातल्या पेठेतलं, त्यामुळे समजुती पक्क्या. लग्न होऊन शहराबाहेर मांजरी गावाला आले तेव्हा सासऱ्यांच्या उसाच्या जागी सोसायट्यांचे मजले चढत होते. शेत विकून झालं होतं. उरली होती एक विहीर आणि तिच्याभोवतीचा तुकडा. त्या विहिरीवर नवऱ्याने आणि मी बाटल्या-जारच्या पाण्याचा प्लांट टाकला.

विहिरीचं पाणी आधी वाळूच्या टाकीतून जातं, तिथे गाळ अडतो. मग कोळशातून, म्हणजे वास जातो. शेवटी मेंब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, दाबाने ढकललं की क्षार मागे राहतात. गोडं पाणी जारमध्ये येतं आणि क्षारांचं पाणी दुसऱ्या नळीने बाहेर पडतं. ते बरंच असतं. पहिल्या दिवशी ते गटारात जाताना पाहून सासरे जागच्या जागी उभे राहिले. मी त्यांना मामा म्हणते. पाणी विकायचं हेच त्यांना मुळात रुचलं नव्हतं. वाटसरूला तांब्याभर पाणी देणारं घर, त्याने पाण्याचा दर लावावा याची त्यांना लाज वाटत होती. पण मुलापुढे ते गप्प बसले, आणि मी त्यांना मेंब्रेनवर छोटंसं व्याख्यान दिलं. माझी व्याख्यानं ऐकून घेण्यात ते पहिल्यापासून पटाईत.

पुढे विहीर बिघडायला लागली. रोज सकाळी मी मीटर बुडवून क्षार मोजायची आणि आकडा चढतच होता. मेंब्रेन लवकर चोंदायला लागले. असंच चाललं तर प्लांट बंद करावा लागेल, असं नवरा म्हणाला. मला प्लांटपेक्षा मामांची काळजी होती. ते अजून विहिरीचंच पाणी पीत, जारच्या पाण्याला चव नाही म्हणत, आणि सगळं विकल्यावर आपलं म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. मी सोसायट्यांच्या बोअरवेलना दोष दिला, त्यांच्या सांडपाण्याला दिला, उसाला वर्षानुवर्षं घातलेल्या खतालाही दिला. दोष देण्यात आम्ही पेठेतली माणसं कमी पडत नाही.

एका दुपारी वाळूची टाकी धुताना माझं लक्ष क्षारांच्या पाण्याच्या नळीकडे गेलं. ती गटाराकडे जातच नव्हती. शेवग्यामागून वळून ती विहिरीत उतरली होती, कठड्याला सुतळीने नीट बांधलेली. म्हणजे आम्ही काढलेले क्षार रोज विहिरीत परत जात होते आणि तेच आम्ही पुन्हा गाळत होतो.

हे कोणी केलं ते विचारायची गरजच नव्हती. मामा कठड्यावर बसले होते. मी तणतणत गेले, पण त्यांच्या शेजारी बसल्यावर माझा आवाज आपोआप खाली आला. त्या नळीने विहीर कशी खारी होत गेली ते सांगितलं. मला राहवलं नाही. तुम्ही रोज हेच पिता, चव बदललेली कळली नाही का, असं मी विचारलं.

“कळली की. कवाधरनं मचूळ लागतंय,” मामा म्हणाले. “पाणी इकाया लागलो तवाच वाटलं, विहीर रुसंल. म्हणून तर तिचं तिला परत देत व्हतो. तरी ती आणिकच मचूळ व्हत गेली. म्या म्हणलं, राग लई मोठा दिसतोय.”

इतके महिने हा माणूस तेच पाणी पीत होता आणि विहिरीची समजूत काढत होता.

“मग आता तिला काय द्यायचं?” त्यांनी विचारलं.

काही द्यायचं नाही, मी म्हणाले. तळ दिसेपर्यंत सगळं उपसून टाकायचं. झऱ्यांचं नवं पाणी आलं की कदाचित सुधारेल.

“आणिक घ्यायचं तिच्याकडनं?”

मी हो म्हणून मान हलवली. नळीची सुतळी त्यांनी स्वतः सोडली. मग आम्ही मोटरपाशी गेलो. रोज मोटर तेच लावायचे. त्या दिवशी त्यांचा हात बटणाकडे जाईना. ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि मोटर मी सुरू केली.