बामसीलवालीचं माहेर

मल्सुनला सोत्गोलमध्ये मल्सुन कुणीच म्हणत नसे. सून ज्या गावाहून येते त्या गावाचं नाव तिला चिकटतं, म्हणून ती बामसीलवाली. शेहेचाळीस वर्षं शरदातल्या पूजेचा स्वयंपाक तिच्याच हातचा. पूजा सहा अधिकाऱ्यांची. काही शतकांपूर्वी एका काकानं कोवळ्या पुतण्याची राजगादी बळकावली, तेव्हा या सहांनी त्याला राजा मानलं नाही आणि जीव गमावला. वंश तगला तो एकाचाच, या गावात. पण पानं सहाही जणांची मांडतात. पूजेआधी चव घ्यायची नसते. तरीही आपल्या हातून मीठ नेमकं पडतं, हे मल्सुन येईल त्याला सांगे.

यंदा कुळाची वंशावळ नव्यानं छापायची होती. सुनांच्या माहेरचं घराणंही त्यात येणार होतं. पूजेच्या आदल्या सकाळी तिचे दीर दोचल वही घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. मुळा चिरता चिरता तिनं सांगून टाकलं. दोचल यांचं पेन थांबलं. त्या काकाला सामील होऊन जो मंत्री त्याच्या दरबारात चढत गेला, त्याचंच तिचं माहेरचं घराणं. सोत्गोलवाले त्या घरची मुलगी करत नाहीत.

"लिहा की भाऊजी. शाई वाळेल."

"वहिनी, आबांना हे ठाऊक होतं?"

"लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं. मध्यस्थानं आडनाव सांगितलं होतं, घराण्याची शाखा गिळली होती. मामंजींनी माझ्या हातचं सूप प्यायलं, दुसरा वाडगा मागितला आणि विषय संपला."

दुपारी कुळातले म्हातारे जमले. एकाचं म्हणणं, चूल तिच्याकडून काढून घ्यावी. दुसऱ्यानं विचारलं, मग द्यायची कुणाला? ज्यांची नावं निघाली त्यांच्या हातचं सगळ्यांनी एकदा खाल्लेलं होतं. मल्सुननं निरोप धाडला की काय ते लवकर ठरवा, नाहीतर मी तालुक्याला गरम पाण्यात गुडघे शेकायला जाते. निरोप हसत दिला, पण मुळ्याच्या चकत्या त्या दिवशी प्रथमच जाडबारीक पडल्या. ही चूल सोडून तिला कुठंही जायचं नव्हतं.

त्या सहांच्या स्मृतिमंदिराची चार कौलं बदलली तरी त्यांना कागदावरून वाचून कळवायची रीत आहे. अखेर दोचल म्हणाले, आपण का भांडायचं? भांडण ज्यांचं, त्यांनाच विचारू.

दुसऱ्या दिवशी, पानं मांडण्याआधी, पूजेची काळी टोपी घालून त्यांनी स्मृतिमंदिरापुढं कागद उलगडला. बामसीलच्या युन्सोक यांची धाकटी मुलगी मल्सुन, घराणं अमुक, शेहेचाळीस वर्षं आपलं अन्न शिजवते. नापसंत असेल तर खूण द्यावी. तिच्या बापाचं नाव या अंगणात प्रथमच कुणी मोठ्यानं घेतलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात तिनं हात कमरेच्या फडक्याला पुसले, ते कोरडे असूनही.

सगळे मेणबत्त्यांकडे बघत राहिले. ज्योती सरळ होत्या. एकजण खोकला, तेव्हा दोघं दचकले. थांबायचं किती, हे कुणीच ठरवलं नव्हतं आणि दोचल यांनाही सांगता येईना.

"भाऊजी," मल्सुन दारातून म्हणाली, "राजाला तोंडावर नाही म्हणणारी माणसं ती. माझ्या हातचं नको असतं तर पहिल्याच वर्षी म्हणाली असती. सूप निवतंय."

मागच्या रांगेत हसू फुटलं. दोचल यांनी दोन्ही हात पुढं केले आणि तिनं पहिला वाडगा त्यांच्या हातात दिला.