भाजलेल्या मुठीचं पिस्तूल

माझे दाजी, आन्सेल्मो ओवेलार, पिस्तुलांना पाणी पाजायचे. आमच्या कारागुआताई गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नसे. वैताग यायचा तो मला एकटीला, कारण पेले मी विसळायची.

ताई गेल्यावर मी त्यांच्या अंगणातल्या मागच्या खोलीत राहायला आले, ती त्यांच्या जेवणाखाण्याचं बघायला. माणूस बुटका, अबोल, बोटं कायम तेलकट. वीस वर्षांचे असताना ते चाकोच्या निर्जळ रानात बोलिव्हियाशी झालेल्या युद्धात गेले, पण लढायला नाही. आघाडीच्या मागे हत्यारं दुरुस्त करायच्या छपरात ते कानस चालवत बसायचे. परत आल्यावरही त्यांनी तेच केलं. जुनं लष्करी पिस्तूल कुणाला विकायचं असो वा विकत घ्यायचं, खरं-खोटं आणि किंमत विचारायला लोक आन्सेल्मोकडेच येत.

किंमत सांगायची त्यांची तऱ्हा साधी होती. ते पिस्तूल पार सुटं करून पांढऱ्या फडक्यावर मांडत. बोलिव्हियाच्या सैन्यासाठी जर्मनीत घडलेली पिस्तुलं युद्धात आमच्या हाती ढिगाने लागली होती. त्यांच्या सांगाड्यावर पूर्ण आकडा असे आणि बारक्यासारक्या भागांवर त्याच आकड्याचे शेवटचे दोन अंक. "सगळे आकडे जुळले तर मोटार येते," दाजी म्हणत, "एक चुकला तर बैलजोडी, दोन चुकले तर कोंबडी."

आणि मग पाणी. पिस्तुलात जितके वेगवेगळे आकडे, तितके मूळ मालक आणि तितकेच पेले. प्रत्येक आकड्याच्या भागांसमोर एकेक भरलेला पेला ठेवायचा, दार ओढून घ्यायचं आणि दुपारची झोप होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. आमच्याकडची भुतं रात्रीची वाट बघत नाहीत. त्यांची वेळ भर दुपारची, कुत्रीसुद्धा सावलीत गप्प पडतात तेव्हाची. झोपून उठल्यावर दाजी पेले बघत. मेलेल्या माणसाच्या भागासमोरचं पाणी बोटभर उतरलेलं असे, जिवंत माणसाचं तसंच्या तसं.

"या उन्हात संत अंतोनियोपुढे पेला ठेवला तरी आटेल," मी म्हणायची.

"मग सगळे सारखे का आटत नाहीत गं, तोमासा?"

मी जास्तच चिडायची आणि पेले विसळायला घ्यायची.

आता फाकुंदाबद्दल सांगायला हवं. फाकुंदा आमची कुंपणापलीकडची शेजारीण. तिचा नवरा सिल्वेरियो लढाईवर गेला तो आलाच नाही. प्रेत नाही, निरोप नाही. मग कुणीतरी पुडी सोडली की त्याला नदीपलीकडे अर्जेंटिनात पाहिलंय, एका जाड्या बाईबरोबर संत्री विकताना. फाकुंदाने ते मनाला लावून घेतलं. तिने ना त्याच्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना घातली, ना अंगणात क्रूस रोवला. मे महिन्यात क्रूसाचा सण आला की घरोघरचे लोक आपापल्या मेलेल्यांच्या क्रूसावर मांडव घालून त्याला चिपाच्या भाकऱ्यांच्या माळा लावतात. फाकुंदा मात्र हात बांधून दुसऱ्यांच्या मांडवात उभी राहायची. "माझा मेला धडधाकट आहे," म्हणायची, "त्याला कशाला क्रूस?"

रोज दुपारी विहिरीवरून बादली आणताना ती त्याला शिव्या घालायची. त्यातली एक तर साऱ्या आळीला पाठ होती: "पळपुटा! मरताना तोंडात पाण्याचा थेंब पडायचा नाही त्याच्या, सांगून ठेवते!" पोरं तिची नक्कल करत, आम्ही हसत असू. पण तीच फाकुंदा दर आठवड्याला आकड्यांच्या सोडतीत सत्तेचाळीसच लावायची. सिल्वेरियो एकदा रजेवर आला होता, तेव्हा त्याच्याकडच्या बोलिव्हियन पिस्तुलाचे शेवटचे अंक तेच होते. इतक्या वर्षांत तो आकडा एकदाही लागला नाही. "आकडासुद्धा त्याच्यासारखाच," ती म्हणे, "येतो येतो म्हणतो नि येत नाही."

एका जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, राजधानीहून दातांचे एक डॉक्टर मोटारीने आले. नाव फ्लैतास, गोड बोलणारा माणूस. त्यांना जुन्या हत्यारांचा नाद होता. तेलकट कापडातून त्यांनी पिस्तूल काढलं, ते तसलंच, बोलिव्हियन सैन्याचं.

"खरं आहे का आन्सेल्मो, की मला कुणी टोपी घातली?"

दाजींनी ते हातात तोललं. "खरं आहे. पण एका आईचं नाही. नळी दुसरीकडची आहे, बघा, रंग वेगळा."

"आणि मुठीची ही डावी बाजू तर जळकी, अर्धचंद्रासारखा डाग पडलाय! हे लाकूड काढून फेका, तुमच्याकडचं चांगलं लावा. शनिवारी येतो." थंडगार तेरेरेचे दोन घोट ओढून डॉक्टर गेले.

दाजी पिस्तूल खोलायला बसले. मी दारात शेंगा सोलत होते. ते आकडे मोठ्याने वाचत गेले. सांगाड्याचा एक, नळीचा दुसरा. मग त्यांनी जळक्या मुठीचं लाकूड उलटं केलं आणि आतल्या बाजूवर अंगठा फिरवला.

"काय निघालं?"

"सत्तेचाळीस."

"अगं बाई, फाकुंदाचा आकडा! तिला सांगा, या आठवड्याला दुप्पट लाव म्हणावं!"

ते हसले नाहीत. सांगाड्याचा पेच त्यांनी उजेडात धरला. पेचाच्या डोक्यावर कानशीचा एक तिरका ओरखडा होता. "ही माझी खूण आहे," ते म्हणाले. "हे पिस्तूल मीच जोडलंय, त्या छपरात."

मग कधी नव्हे ते दाजी बोलले. छपरात एक नियम होता आणि तो कुणी मोडत नसे. जखमी माणसाचं हत्यार त्याच्या नावाची चिठ्ठी बांधून अख्खं ठेवायचं. जिवंत माणसाचा एक खिळाही दुसऱ्याच्या हत्याराला लावायचा नाही, नाहीतर तो माणूस आपल्या खिळ्यामागे ओढला जातो. सुटी करायची ती फक्त मेलेल्यांची. एकदा एक ढीग आला. पाण्याचा ट्रक रानात वाट चुकला होता आणि एक अख्खी तुकडी वाट बघत राहिली होती. त्या ढिगातली सगळी पिस्तुलं स्वच्छ होती, गोळ्या भरलेल्याच. त्या लोकांना कुणी मारलं नव्हतं.

"ही मूठ त्या ढिगातली?" मी विचारलं. माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"त्या एकाच ढिगातून मी हे जोडलं. तेव्हा मूठ कुणाची हे कुठे बघतो आपण!" त्यांनी लाकूड खाली ठेवलं. "पेले आण."

मी तीन पेले आणले. दुपार टळटळीत होती. दार ओढून आम्ही आपापल्या खोलीत आडवे झालो, पण माझा डोळा लागला नाही. कोंबड्याही गप्प होत्या. बंद दारामागून घोटाचा आवाज आल्यासारखा वाटला, आणि मी स्वतःलाच वेडी म्हटलं.

उठून पाहिलं तर सांगाड्यापुढचा आणि नळीपुढचा पेला बोटभर उतरलेले, नेहमीसारखे. मुठीपुढचा पेला रिकामा. तळही कोरडा, फडक्याने पुसल्यासारखा.

"तडा गेला असेल," मी म्हटलं आणि माझं स्वतःचं पितळी भांडं काठोकाठ भरून तिथे ठेवलं. यावेळी मी जागची हलले नाही, समोर मांडी घालून बसले. ना आवाज, ना हालचाल. पाणी नुसतं कमी होत गेलं, माझ्या डोळ्यांदेखत, तळ दिसेपर्यंत. त्या उकाड्यात मला थंडी वाजत होती आणि मी भ्याले होते, हे मी सरळ सांगते.

दाजी हळूच म्हणाले, "फाकुंदाला बोलाव."

ती विहिरीवरूनच आली, हातात भरलेली बादली, तोंडाचा पट्टा चालू. "काय गं, घर पेटलं का तुमचं? ह्या वेळेला माणसं बोलावतात होय?"

दाजींनी लाकूड तिच्या हातात दिलं. तिने आतला आकडा पाहिला नाहीच. तिचं बोट थेट जळक्या अर्धचंद्रावर गेलं.

"माझ्या भट्टीचं तोंड आहे हे," ती म्हणाली. "गरम चिपा चोरायला वाकला होता. पिस्तूल ठेवलं भट्टीच्या कडेवर, मी ओरडले तर ते तिथेच ठेवून पळाला चिपा घेऊन, हसत." मग तिने विचारलं, "हे टाकून पळाला असेल तो. हो ना? टाकून पळाला असेल?"

दाजींनी तिला ट्रकचं सांगितलं, ढिगाचं सांगितलं, भरलेल्या गोळ्यांचं सांगितलं. छपरातला नियमही सांगितला. मग त्यांनी रिकाम्या भांड्याकडे बोट केलं. "दोनदा पाणी ठेवलं, फाकुंदा. दोनदा संपवलं."

फाकुंदा भांड्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. रोज दुपारी कुंपणापलीकडून येणारी ती शिवी मला ऐकू येत होती, आणि तिलाही येत असणार. मग ती खाली बसली, बादली जवळ ओढली आणि भांडं भरलं. ते संपलं, तिने पुन्हा भरलं. एक थेंबही तिने बाहेर सांडू दिला नाही.

"पी रे," ती म्हणाली. "सावकाश. ठसका लागेल."

बादली संपली तेव्हा मी दुसरी आणून दिली. त्यातलं अर्ध्याहून अधिक पाणी गेलं आणि मग भांडं भरलेलं राहिलं. आम्ही तिघं उन्हं कलेपर्यंत बघत बसलो. ते भरलेलंच राहिलं.

शनिवारी डॉक्टरांना चांगल्या लाकडाची मूठ मिळाली. दाजींनी त्यांना स्पष्ट सांगितलं की हीही दुसरीकडचीच आहे, तेव्हा किंमत कोंबडीचीच धरा. डॉक्टर हसले आणि पिस्तूल घेऊन गेले. जळकी मूठ फाकुंदाच्या अंगणात, तिने सिल्वेरियोसाठी रोवलेल्या क्रूसाखाली आहे. प्रार्थना नऊ दिवस चालली आणि साऱ्या आळीने म्हटली. सत्तेचाळीस लावणं तिने सोडून दिलं.

दाजी आता नाहीत आणि फाकुंदाही नाही. त्या क्रूसावर मे महिन्यात मी चिपाच्या माळा लावते आणि खाली माझं पितळी भांडं भरून ठेवते. सिल्वेरियोचं पाणी कधी हलत नाही. पण गेल्या वर्षापासून, तिची ती जुनी शिवी आठवून, मी शेजारी फाकुंदासाठीही एक भांडं ठेवायला लागले, आणि ते मात्र मला दिवसभर भरत राहावं लागतं.